भोंग्यातला चहा
परवा गल्लीत प्रचाराचा भोंगा वाजला आणि मी मनानं थेट लहानपणीच्या अकोल्यात, कापूस मार्केटजवळ पोचले, शाळेच्या गणवेशात, एका ऑटोमागे जीव तोडून पळत! कारण त्या ऑटोच्या भोंग्यातून माझे बाबा ओरडत होते, ‘कापसाले भाव, हाताले काम!’ बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. प्रचाराची ही कॅसेट त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात बसून भरली होती, आणि उमेदवाराकडे दुसरा आवाजच नव्हता. ‘चाचा, थांबा!’ ऑटोवाले चाचा बाबांचे दोस्त. त्यांनी कच्चकन ब्रेक मारला. ‘बेटा, तुमच्या गल्लीत मी भोंगा बंद ठेवतो. भाभीले तरास होईन.’ ‘नाई चाचा, घरी चाला! आत्ताच चाला!’ मी चाचांच्या शेजारी चढले आणि बाबांचा आवाज डोक्यावर घेऊन आम्ही सुसाट निघालो. लोक वळून बघत होते. मला वाटलं, मीच निवडून आलेय! दारात ऑटो थांबला. बाबा गेल्यापासून आई स्टोव्हकडे फिरकली नव्हती, मावशीच रांधायची. आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. घोषणा संपल्या, भोंग्यातच आमच्या कुकरची शिट्टी झाली, आणि कॅसेटमधून पुसायचं राहून गेलेलं बाबांचं एक वाक्य गल्लीभर घुमलं, ‘अवं, चाय मांड ना वं, घसा बसून राह्यला!’ चाचांनी घाबरून बटणाकडे हात नेला. पण आई भोंग्याकडे बघत म्हणाली, ‘मांडतो जी, थांबा जरा,’ आणि आत गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. तो उमेदवार पुढे सपशेल पडला. मी मात्र अजूनही भोंगा ऐकला की दाराकडे धावते, कोणी चहा मागतंय का बघायला.