बुवांची तिसरी पायरी

माझे धाकटे दीर गणिताचे प्राध्यापक. वरच्या मजल्यावरची खोली त्यांची, जेवायला मात्र ते खाली आमच्यात. ते नेमकं काय करतात हे सासूबाईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. भाऊजींनी एकदा फार सोपं करून सांगितलं होतं. एक खोली आहे, भिंती वाकड्यातिकड्या. आत एक चेंडू सोडलाय. तो भिंतींवर आपटत फिरतोय, कधीच थांबत नाही. तर पुष्कळ काळ गेल्यावर खोलीतल्या प्रत्येक कोपऱ्याला त्या चेंडूचा न्याय्य वाटा मिळतो का?

"पण चेंडू सोडला कुणी?" सासूबाईंनी विचारलं.

"कुणी नाही गं आई. मनातला चेंडू."

"मग मनातच थांबव त्याला. वाढलेलं गार होतंय."

या विषयाला एर्गोडिक सिद्धान्त म्हणतात, हे मला लग्नानंतर कळलं. आमच्याकडे त्याला 'चेंडू' एवढंच म्हणत. "चेंडू काय म्हणतोय?" असं हे आपल्या भावाला रोज विचारायचे आणि भाऊजी रोज सांगायचे, "आपटतोय." त्यांचे लेख परदेशी मासिकांत छापून येत. वाचणारे किती, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वहिनी, आपल्या जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसतील. आणि दोन खुर्च्या उरतील." मध्यंतरी एका मैत्रिणीच्या बहिणीशी मी त्यांची गाठ घालून दिली होती. भाऊजींनी तिला तासभर चेंडू समजावला. मुलगी हुशार होती. तिने सगळं समजून घेतलं आणि नकार दिला.

त्या टेबलावरचा पहिला माणूस म्हणजे बुवा. दोघं एकाच सरांचे विद्यार्थी. बुवा गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात शिकवायचे आणि दर रविवारी सकाळी भाऊजींच्या विभागातल्या रिकाम्या वर्गात यायचे. त्यांची कामाची रीत जगावेगळी. सगळं फळ्यावर, कागदावर काही नाही. फळा भरला की बाहीनेच पुसायचा आणि पुढे जायचं. "कागदावर उतरलं की विचार आडवा होऊन झोपतो," म्हणायचे. पूर्ण झालं, तपासून झालं, की मगच टंकायला बसायचं. त्यांच्या बायकोचं औषधांचं दुकान होतं. तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. अक्का म्हणायच्या, "मला विचारावं लागत नाही. बाही पांढरी दिसली की गणित झालं, आणि डोक्याचे केस पांढरे दिसले की अडलं."

त्यांच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. चेंडू कुठूनही सोडला तरी न्याय्य वाटणी होते असं त्यांना कधीच म्हणता येत नाही. काही जागा वाईट निघतात, तिथून सोडला तर चेंडू एकाच फेऱ्यात अडकतो. पण त्या जागा इतक्या विरळ की सगळ्या गोळा केल्या तरी त्यांचं क्षेत्रफळ शून्य. म्हणून त्या बाजूला सारायच्या आणि 'जवळजवळ प्रत्येक' जागेबद्दल बोलायचं. या बाजूला सारलेल्या जागांना बुवा 'केर' म्हणायचे. विद्यार्थी केर काढताना हमखास एक चूक करत. एका खोलीचा केर शून्य, दुसरीचा शून्य, तिसरीचा शून्य, असं एकदोनतीन करत ओळीने मोजता येतील तेवढ्या खोल्यांचा केर एकत्र केला तरी शून्यच. पण खोल्या ओळीत लावताच येणार नाहीत इतक्या असल्या, तर तो एकत्र केलेला केर वाढून अख्खी फरशी झाकू शकतो. असं कुणी केलं की बुवा भर वर्गात विचारायचे, "राजे, केर कुठे नेलात?" आणि सगळा वर्ग हसायचा. तो त्यांचा ठरलेला टोमणा होता. ज्याला मिळाला तो पुन्हा कधी चुकला नाही.

दोघांचा आवडता प्रश्न असा. खोलीची एक भिंत फिरती आहे, तिचा कोन हवा तसा बदलता येतो; कोन बदलला की खोलीच नवी. तर अशी एखादी सुरुवात आहे का, की जिथून चेंडू सोडला तर भिंत कुठेही फिरवा, वाटणी न्याय्यच होईल? तीन पायऱ्यांचं काम होतं. दोन झाल्या होत्या. तिसरीपाशी उमेदीची सगळी वर्षं गेली.

एका दुपारी बुवांचा फोन आला. भाऊजींच्या हातात घास होता, म्हणून फोन मीच त्यांच्या कानाला लावला. बुवांचा आवाज मलाही ऐकू येत होता, इतके ते आनंदात होते. "तिसरी झाली रे! कोन कुठलाही घे, सुरुवात एकच चालते. सगळा केर एकदाच काढला. उद्या फळ्यावर दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या कॉलेजच्या जिन्यात दम लागला म्हणून बुवा पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत.

फळा पुसलेला होता.

दुःखात अक्कांना एकच आधार होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, "जाण्याआधी पूर्ण केलं त्यांनी. आयुष्यभराचं काम पूर्ण करून गेले." दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही सांगायच्या. बुवांच्या कॉलेजने वर्षभराने त्यांच्या स्मरणार्थ सभा ठरवली. ती तिसरी पायरी भाऊजी मांडतील, असं अक्कांनीच सांगून टाकलं. आणि त्यात चूक काय होतं? दोघांचं काम, मागे राहिलेल्याने मांडायचं.

भाऊजी कामाला लागले. कागद नाही, फळा नाही, हातात फक्त ते फोनवरचं बोलणं. मी चहा घेऊन वर गेले की ते मला तेच ऐकवायचे, जणू मी त्यात काही भर घालणार होते. "कोन कुठलाही घे. सुरुवात एकच चालते. सगळा केर एकदाच काढला." महिनोन्महिने हेच. एका दुपारी असंच म्हणता म्हणता 'एकदाच'वर ते थांबले. चहाचा कप हातात तसाच.

"वहिनी, एकदाच कसा काढला?"

मी बशी पुढे सरकवली.

"प्रत्येक कोनाचा केर वेगळा. आणि कोन ओळीत लावता येत नाहीत." त्यांनी कप खाली ठेवला. "नाही हो. बुवा नाही करणार असं. पहिल्या वर्षाचा पोरगा करतो हे."

पण दुसरा अर्थ त्यांना लावता येईना. आठवडाभर ते ताट अर्धं टाकून वर जात. यांना राहवलं नाही. "झालं म्हणून सांगून टाक ना. कोण तपासतंय?"

"बुवाच तपासायचा," भाऊजी म्हणाले.

अक्कांना सभेत कळू नये, आधी आपण सांगावं, म्हणून ते दुकानात गेले. मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही चला. मला शब्द सापडायचे नाहीत." दुकानामागच्या खोक्यांनी भरलेल्या खोलीत आम्ही बसलो. शब्द त्यांना सापडले, फार थोडे.

अक्कांनी ऐकून घेतलं. "तुम्हाला जमत नाही, की होणारच नाही?"

"बुवांच्या वाटेने होत नाही. दुसरी वाट मला सापडत नाही."

"त्यांची वाट पाहिलीत तुम्ही? कागद आहे?"

"कागद नाही. त्यांचं एक वाक्य आहे."

"एका वाक्यावर नापास केलंत माझ्या माणसाला?"

तेवढ्यात बाहेर कुणीतरी हाक मारली. अक्का उठल्या, खोकल्याचं औषध दिलं, जेवणानंतर दोन चमचे, हलवून घ्या, असं शांतपणे सांगितलं आणि परत येऊन बसल्या.

"ते असते तर त्यांनी सुधारलं असतं. असतं की नाही?"

"कदाचित असतं."

"मग तुम्ही सुधारा. तुम्ही आहात ना."

भाऊजी त्याच रात्री पुन्हा बसले. सभेच्या आदल्या दिवसापर्यंत ते झटले. दाढी वाढली, डोळे आत गेले, पण पायरी काही झाली नाही.

सभेला अक्का पहिल्या रांगेत होत्या, मी त्यांच्या शेजारी. सभागृह बुवांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी भरलेलं. भाऊजींनी पहिल्या दोन पायऱ्या मांडल्या, सुरेख मांडल्या असं लोक नंतर म्हणाले. मग खडू खाली ठेवून म्हणाले, "इथपर्यंत आम्ही दोघं आलो होतो. पुढचं अजून सिद्ध व्हायचं आहे." बुवा चुकले असं ते बोलले नाहीत. मला वाटलं, निभावलं.

मागून एका पाहुण्या प्राध्यापकांनी हात वर केला. "पण त्यांना ते जमलं होतं असं ऐकलं. मग अडलं कुठे?"

भाऊजींनी एकदा अक्कांकडे पाहिलं. खोटं बोलायला एवढीशी जागा होती आणि ती साऱ्या खोलीला दिसत होती.

"जमलं असं त्यांना वाटलं होतं," ते म्हणाले. "केर काढताना चूक झाली."

सभागृहात हसू फुटलं. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. इतकी वर्षं तो शब्द ऐकला की हसायची त्या मुलांना सवय होती, आणि हसून झाल्यावर आपण कुणाला हसलो ते त्यांच्या लक्षात आलं. अक्कांनी पर्स उचलली, पदर सावरला आणि कुणाच्याही वाटेत न येता कडेकडेने बाहेर गेल्या.

लेख पुढे दोघांच्या नावाने छापून आला, दोनच पायऱ्यांचा. भाऊजी अक्कांकडे तीनचारदा जाऊन आले. दुकानातल्या पोरीने दर वेळी सांगितलं, बाई घरी गेल्या. रविवारी सकाळी आता ते घरीच असतात. वर्तमानपत्र उघडून बसतात, पान उलटत नाहीत.

परवा यांच्या गोळ्या आणायला मीच गेले. अक्का होत्या. माझी चौकशी केली, मुलांची केली, गोळ्यांची पाकिटं बांधून दिली. निघताना मी धीर करून म्हटलं, "अक्का, त्यांना एकदा येऊ द्या ना. फार खचलेत."

"रागावले नाही हो मी," त्या म्हणाल्या. "खरं तेच बोलले, ते मला कळतं. पण नको. परवा रस्त्यापलीकडून येताना दिसले, तर मला वाटलं, सापडलं म्हणून सांगायलाच येतायत. म्हणून मी मागच्या दाराने गेले."

मग त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.