बोट नको, आम्ही पायीच जातो

आमच्या घराण्यात समुद्राने आजवर कोणाचंही काही वाकडं केलेलं नाही, कारण आमच्यापैकी कोणी त्याच्या जवळच गेलं नव्हतं. बोरगाव मेघेत घर, वर्ध्याला शाळा, हिंगणीला सासुरवाडी. पाणी म्हणाल तर बोर धरणाचं, तेही सुटीच्या दिवशी, काठावर बसून, डबा खात बघितलेलं. अशा माणसाने आई, बायको आणि दोन लेकरं घेऊन समुद्रातल्या जहाजावर चढावं, याचं खापर मी आईवर फोडतो. तिची पंचाहत्तरी झाली तेव्हा आम्ही विचारलं, काशीला जातेस का? तर म्हणाली, "काशीले सगळेच जातात. मले जहाजात बसायचं हाय."

मी शाळेत भूगोल शिकवतो. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे पुढे ते लपवावंसं वाटेल.

तर मुंबईहून निघालेलं आमचं जहाज एका सकाळी कोचीला लागलं. उतरायच्या आधी सगळ्यांना बजावलं गेलं, की संध्याकाळी पाचला शिडी उचलणार आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. (आमच्या एसटीचा कंडक्टर निदान दोन हाका तरी मारतो.) त्यानंतर सरळ मुंबई, मधे नुसतं पाणी. आईचे गुडघे दुखत होते. ती म्हणाली, "तुमी या फिरून. मी वर बसते, भजे खाते." आता या जहाजात आईला स्वतःची खोली एकदाही सापडली नव्हती. दोनदा तर ती परक्यांच्या पलंगावर बसून, त्यांच्याशी गप्पा मारून, त्यांचाच चहा पिऊन परत आली होती. शिवाय तिच्या बीपीच्या गोळ्या वैशालीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या पर्समध्ये. तेव्हा काहीही झालं तरी पाचच्या आत परत यायचं, हे मी जिन्यातच जाहीर केलं.

जहाजाची बस बंदरातून शहरात नेणार होती. आमची सई पहिलीत आहे आणि तिला गाडी लागते. जहाज लागलं नाही. जहाज हलत असताना ती दोन वाट्या आइस्क्रीम खाऊन डेकवर लंगडी खेळत होती. बसमध्ये मात्र इंजिन सुरू झालं आणि तिचा चेहरा पोपटी झाला. मी प्लास्टिकची पिशवी धरून बसलो. वैशाली पर्समधलं लिंबू शोधत होती. धाकटा गोलू, वय वर्षं तीन, "मले पण पाह्यचं" म्हणून माझ्या हाताला लोंबकळत होता. या काळात आमची बस एका चांगल्या लांबलचक पुलावरून पाण्यापलीकडे गेली. पुलावरून दिसणारा देखावा फार सुरेख होता, असं नंतर इतर प्रवाशांकडून कळलं. आम्ही चौघंही पिशवीत बघत होतो.

बसमधून उतरलो आणि सईने रंग बदलला, म्हणजे मूळ रंगावर आली. मग आमची पायी सफर सुरू झाली. लेकरं घेऊन परक्या गावात पायी फिरणं म्हणजे फिरणं नसतंच, ती वाहतूक असते. गोलूची पद्धत ठरलेली आहे: दोन दुकानं चालायचं आणि तिसऱ्यासमोर फतकल मारायचं. मग त्याला खांद्यावर घ्यायचं. खांद्यावर घेतला की त्याला खाली मांजर दिसते. खाली ठेवला की मांजर जाते. सई चालते छान, पण हात लावल्याशिवाय तिला काही दिसत नाही. मिरी, दालचिनी, लवंगा, सगळ्यांत हात घालून झाला आणि मग तोच हात तिने डोळ्याला लावला. पुढचा बराच वेळ आम्ही एका दुकानाच्या पायरीवर बसून तिचे डोळे धूत होतो. दुकानदारीणबाई चांगली होती. तिने पाणी दिलं, वर केळी दिली.

तरी मी निश्चिंत होतो, कारण पाण्याकाठच्या रस्त्यावरून आमचं जहाज सारखं दिसत होतं. पांढरं, मजल्यावर मजले, जणू आमच्या वॉर्डातली पाण्याची टाकी. आमच्या बोरगावात पाहुण्याला घराचा पत्ता सांगत नाहीत. "टाकीकडे तोंड करून चालत राहा," एवढंच सांगतात आणि पाहुणा बरोबर येतो. आला की जायचं नाव घेत नाही, तो वेगळा विषय.

परतीची बस लागली तेव्हा सईने तिच्याकडे नुसतं बघितलं आणि ओठ मिटून घेतले. मी ते ओठ ओळखतो.

"मी नाई बसत," ती म्हणाली.

"नको बसू," मी म्हणालो. "ते काय, समोर तर आहे जहाज. गप्पा मारत चालत जाऊ."

वैशाली म्हणाली, "अहो, रस्ता माहीत हाय का तुमाले?"

"रस्ता कायले लागते? जहाज दिसून राह्यलं ना."

ती बसकडे बघत राहिली. मी तिला म्हणालो, की रोज सकाळी सावंगीपर्यंत पायी जाऊन येणारा माणूस आहे मी, हे काय अंतर आहे! बस गेली. जाताना आतल्या लोकांनी आमच्याकडे हात हलवले. मीही हलवला.

आम्ही जहाजाकडे तोंड करून चालू लागलो. थोड्या वेळाने वाटेत छत्री घेतलेला एक म्हातारा भेटला. खात्री करून घ्यावी म्हणून मी बोट दाखवून विचारलं, "वो जहाज के पास जाने का यही रस्ता है ना?"

"शिप? बोट, बोट," तो म्हणाला आणि मागे कुठेतरी हात केला.

"नही नही चाचा, बोटिंग नही करना. छोटे बच्चे है."

तो पुन्हा म्हणाला, "बोट." मी हात जोडले आणि पुढे निघालो. पुढे फुलं विकणाऱ्या एका बाईनेही तेच सांगितलं. "बोट." तिने तर गोलूच्या गालाला हात लावून सांगितलं. मग नारळपाणीवाला. तोही बोट. मी वैशालीला म्हणालो, "पाह्य, कसे आहेत लोक. अख्ख्या गावाले कमिशन आहे."

आता माझं काय चुकलं ते सांगा. आमच्याकडे बोट म्हणजे बगिच्यातल्या तळ्यातलं प्लास्टिकचं बदक. तिकीट काढायचं, नवरा-बायकोने पायडल मारायचं, लेकरांनी बोंबलायचं, आणि गोल फिरून जिथे चढलो तिथेच उतरायचं. बोटीत बसून माणसं घरी जातात, कामाला जातात, भाजी आणतात, हे आमच्या सात पिढ्यांत कोणाच्या डोक्यात आलेलं नाही. घाईच्या वेळी बोटीत बसा म्हणणारा माणूस मला तरी, घर जळत असताना जत्रेतल्या पाळण्यात बसा म्हणणाऱ्यासारखा वाटला.

रस्ता एका गल्लीत शिरला. गोलू खांद्यावर झोपला आणि झोपलेलं लेकरू जागं असल्यापेक्षा जड का होतं, हे विज्ञानवाल्यांना विचारायला हवं. गल्ली संपली. समोर जहाज होतं. इतकं जवळ, की डेकवरच्या खुर्च्या दिसत होत्या. आणि जहाजाच्या नि आमच्या मधे पाणी होतं. डबकं-बिबकं नाही. त्यातून दुसरी जहाजं जात होती.

आम्ही काठावर उभे राहिलो.

"हे काय हाय?" वैशालीने विचारलं.

"पाणी."

"ते दिसून राह्यलं मले. आता कसं करता?"

सई म्हणाली, "बाबा, आपलं जहाज तिकडे काऊन गेलं?"

"जहाज नाही गेलं बेटा," वैशाली म्हणाली. "आपण इकडे आलो. तुझ्या बाबांमागे."

तेव्हा मला उमगलं, की बंदर बेटावर आहे. चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग. ही व्याख्या मी दरवर्षी पोरांकडून घोकून घेतो आणि 'चारही' हा शब्द गाळला तर अर्धा मार्क कापतो.

जहाजाचा भोंगा वाजला. त्याच क्षणी माझा फोनही वाजला. आई होती.

"आलात का रे बापू?"

आता खरं सांगावं तर तिचं बीपी वाढेल, आणि गोळी इकडे. मी म्हणालो, "आलो, आलो. खोलीतच हाय. गोलूले झोपवून राह्यलो." (यातलं शेवटचं वाक्य खरं होतं.)

मागे सवाऱ्यांनी भरलेल्या एका रिक्षाने हॉर्न मारला.

"हा हॉर्न कायचा?"

"टीव्ही लागला हाय."

"बरं. लेकरू उठलं की माही गोळी घेऊन येजो वर. विसरजो नको."

फोन ठेवला. वैशालीने पर्सवर हात ठेवला होता आणि तिचे डोळे भरून आले होते. खरं सांगतो, मीही घाबरलो. थट्टा वेगळी, पण त्या एवढ्या मोठ्या जहाजात माझी म्हातारी गोळीशिवाय, खोली न सापडता, एकटी मुंबईपर्यंत जाणार, आणि आम्ही इथे काठावर उभे राहून तिला टाटा करणार.

"चला," वैशाली म्हणाली. "बोट."

आम्ही आल्या वाटेने पळत सुटलो. आम्ही पळत असतानाच नारळपाणीवाल्याने हात करून दिशा दाखवली. फुलवालीनेही. धक्क्यावर रांग होती आणि रांगेत तो छत्रीवाला म्हातारा होता. मी त्याच्यासमोर उभा राहून धापा टाकत म्हणालो, "चाचा, बोट." त्याने मागे सरकून आम्हाला पुढे घेतलं, एवढंच.

बोट निघाली. गोलू जागा झाला आणि म्हणाला, "बदक कुठी हाय?" सई कठड्याला धरून वाऱ्यात गाणी म्हणत होती, पोटात काही नाही, चेहऱ्यावर काही नाही. सकाळीच बोटीने आलो असतो तर पिशवीसुद्धा लागली नसती, असं वैशाली म्हणाली. ती आणखीही काही म्हणाली, पण वारा फार होता आणि मी तो तसाच राहू दिला.

पलीकडे उतरून बंदराच्या फाटकाशी पोहोचलो तर तपासणी. पहारेकऱ्याने पिशव्या उघडल्या. एकीत केळ्याचे वेफर्स, दुसरीत सईने मागच्या मागे उचललेले शिंपले, दगड आणि एक जिवंत खेकडा. खेकडा बाहेर काढेपर्यंत गोलूला शू लागली. शू झाली तर त्याने फतकल मारलं. मी त्याला उचलून खांद्यावर टाकला, सईचा हात धरला आणि धावायला लागलो. दहा पावलांत सईची चप्पल निघाली. वैशालीने ती उचलली आणि हातात धरून आमच्यामागे धावू लागली.

जहाज सुटताना बघायला सगळे प्रवासी कठड्याशी उभे होते, सगळ्या मजल्यांवर. आम्हाला बघून आधी कोणीतरी शिटी मारली. मग टाळ्या सुरू झाल्या. मग मोबाईल वर आले. "भागो, भागो!" कोणीतरी ओरडलं. शिडीपाशी दोन खलाशी दोर सोडायला वाकले होते, त्यांनी हात थांबवले. आम्ही चढलो आणि मागे शिडी उचलली गेली.

गोळी घेऊन आम्ही तसेच वर गेलो. आई कठड्याजवळ खुर्चीत बसली होती, पुढ्यात भज्यांची बशी. चष्मा खोलीत राहिलेला. वैशालीने गोळी दिली, पाणी दिलं आणि मटकन खाली बसली. आईने गोळी गिळली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

"झाली का झोप लेकराची?" आईने विचारलं.

"झाली."

"तुमची लय मजा हुकली रे. आत्ता खाली एक माणूस पयत आला, खांद्यावर लेकरू, हातात पोरगी, अन् मागून बायको चप्पल घेऊन! मले वाटलं मारायलेच पयून राह्यली त्याले."

"मारायलाच पाहिजे होतं," वैशाली म्हणाली.

"नाई तर काय. मीबी टाळ्या वाजवल्या." आईने भज्याचा तुकडा मोडला. "एवढी लहान लेकरं, अन् अशी फरफट? कुठचे असतील रे असे येडे मायबाप?"

सईने सांगायला तोंड उघडलं. मी घाईघाईने तिच्या तोंडात भजं कोंबलं आणि आईला म्हणालो, "नागपूरचे असतील."