निळं ॲपल

छोट्या गटाच्या बाईंना 'बाई' म्हटलेलं खपत नसे. बाई म्हणजे मुलांची नाकं पुसणारी कोणीतरी. आपण मॅडम. पण शाळेतल्या मावशींनी पहिल्याच वर्षी त्यांचं 'ॲपलबाई' करून टाकलं आणि ते नाव असं चिकटलं, की त्यांच्या नवऱ्यालाही लोक 'ॲपलबाईंचे मिस्टर' म्हणू लागले. मिस्टरांचं चष्म्यांचं दुकान होतं. अख्ख्या गल्लीला त्यांनी नीट दिसायला लावलं होतं. घरच्या माणसाला काही दाखवायचा प्रयत्न मात्र त्यांनी लग्नानंतर लवकरच सोडून दिला होता.

"माझ्या वर्गातलं मूल घरी जाऊन आधी फळं बोलतं, मग पाणी मागतं," असं बाई येईल त्याला ऐकवत. पालकांना तरी दुसरं काय हवं होतं? मूल उलटे बूट घालतंय, चालेल. शेंबूड बाहीला पुसतंय, पुसू दे. पाहुणे आले की त्याने सोफ्यासमोर उभं राहून 'बनाना' म्हटलं म्हणजे जन्माचं सार्थक. एक जाड आवाजाचे वडील तर मुलाला लग्नाकार्यात दंडाला धरून फिरवत आणि प्रत्येक आत्यासमोर उभं करून म्हणत, "म्हण, पायनॅपल म्हण!" मुलगा म्हणे. आत्या गार होत. त्या पायनॅपलचं पुढे काय करायचं असतं, हे कोणीच विचारत नसे.

बाईंची पद्धत ठरलेली होती. भिंतीवर फळांचा एक मोठा चार्ट. शाळेत लागल्या तेव्हा त्यांनी तो स्वतः निवडून आणला होता. बाई चार्टकडे पाठ करून, मुलांकडे तोंड करून उभ्या राहत आणि हातातली छडी खांद्यावरून मागे मारत. ठक्! "ॲपल!" ठक्! "बनाना!" छडी बरोबर फळावर बसे. एकदा एका नव्या शिक्षिकेने भाबडेपणाने विचारलं, "मॅडम, तुम्ही बघत कशा नाही?"

"बघावं नवशिक्यांनी," बाई म्हणाल्या. "स्वयंपाकघरात मिठाचा डबा बघून काढतेस का गं तू?"

तर असा हा चार्ट बाईंनी कित्येक वर्षांत पाहिलेलाच नव्हता. समोरच्या खिडकीतून रोज दुपारी ऊन आत येई आणि थेट त्याच्यावर पडे. उन्हाने आधी लाल रंग खाल्ला, मग पिवळा. निळा तेवढा त्याला पचला नसावा, तो राहिला. हळूहळू ॲपल निळं झालं, बनाना निळसर झालं, ऑरेंज तर शाईच्या दौतीत बुडवून काढलेल्या चेंडूसारखं दिसू लागलं. त्यातल्या त्यात द्राक्षांची अब्रू वाचली होती.

मुलं दर वर्षी नवी. त्यांना ॲपल निळंच भेटे. चित्रकलेच्या तासाला अख्खा वर्ग निळी ॲपल रंगवी. बाईंना वाटे, लाल खडू संपले असतील. त्या वहीवर तारा काढून देत. आया ती चित्रं फ्रिजवर चिकटवत आणि शेजारणीला सांगत, "फार क्रिएटिव्ह आहे हो आमचा." शेजारीण मान डोलवी, कारण तिच्याही फ्रिजवर तसलंच निळं ॲपल लटकत असे.

सगळं असंच चालू राहिलं असतं, पण शाळेच्या संचालकांची भाची कसलासा कोर्स करून आली. संचालक पूर्वी गाद्या विकत. गिऱ्हाईक गादीवर कसं बसतं, त्यावरून ते खिसा ओळखत. शाळाही ते त्याच तत्त्वावर चालवत. त्यांनी बाईंना बोलावलं.

"मॅडम, छोटा गट यंदा भाचीकडे द्यावा म्हणतो. भिंतीवर मोठा टीव्ही लावू. तुम्ही स्टोअररूम सांभाळा. सावलीतलं काम आहे."

बाईंना ती स्टोअररूम डोळ्यांसमोर दिसली. खडूंच्या खोक्यांना काय 'गुड मॉर्निंग चिल्ड्रन' म्हणायचं? पण आवाज त्यांनी खाली येऊ दिला नाही.

"माझ्या मुलांना एकदा विचारून तर बघा! मग द्या गट कोणाला द्यायचा तो."

"विचारू की," संचालक म्हणाले. "पालक-सभेतच विचारू."

"मी टोपलीभर खरी फळं आणते," भाची उत्साहाने म्हणाली. "मुलांना प्रत्यक्ष अनुभव हवा."

"टोपली कशाला, गाडा आण," बाई म्हणाल्या.

सभेच्या दिवशी पालक मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसले. भाचीने टोपलीतून एक लालबुंद सफरचंद उचललं आणि गोड आवाजात विचारलं, "चिल्ड्रन, व्हॉट इज धिस?"

कोणी बोलेना. मुलं सफरचंदाकडे बघत होती, एकमेकांकडे बघत होती. एकाने तर खिशात हात घालून तिथे काय आहे ते तपासायला घेतलं. बाईंनी छडी या हातातून त्या हातात घेतली. भाचीने केळं दाखवलं. तीच गत.

"काय हो मॅडम?" संचालक हसले.

"लाजतायत," बाई कसंबसं म्हणाल्या. "माणसं बघून लाजतायत."

तेवढ्यात दोन शेंड्यांची एक चिमुरडी उभी राहिली. भाची चुकतेय आणि कोणीच तिला सांगत नाही, याचं तिला वाईट वाटलं असावं.

"धिस इज नॉट ॲपल," ती म्हणाली.

खोलीत 'आं' असा आवाज झाला. तिच्या आईने पदर डोळ्यांना लावला. "अख्खं वाक्य! अहो, ऐकलंत का, अख्खं वाक्य बोलली!"

"मग हे काय आहे, बाळ?" संचालकांनी खाली वाकून विचारलं.

"सफरचंद."

"अगं, सफरचंद म्हणजेच ॲपल ना?"

मुलीने त्यांच्याकडे जरा दयेने पाहिलं. "नाही काही. सफरचंद खायचं असतं. ॲपल म्हणायचं असतं." मग तिने भिंतीकडे बोट केलं. "ते बघा ॲपल. निळं असतं."

सगळ्या माना वळल्या. बाईंचीही वळली. भिंतीवर फळं नव्हतीच, फळांची भुतं होती. ही असली भुतं आपण ठक् ठक् करत इतकी वर्षं पोरांच्या डोक्यात बसवली? आता उद्यापासून स्टोअररूम, असं स्वतःशी म्हणत बाईंनी छडी टेबलावर ठेवून दिली.

पण पालक हा प्राणी बाईंनाही पुरता कळला नव्हता. जाड आवाजाचे वडील खुर्चीसकट उठले, कारण खुर्ची त्यांना सोडेना. "काय लॉजिक आहे हो!" ते गरजले आणि त्यांनी टाळ्या पिटायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच पिटल्या.

"पण ॲपल लाल असतं," भाची कळवळून म्हणाली.

"अहो, मुलीचा कॉन्फिडन्स कशाला घालवता?" एक आई तिच्या अंगावर आली.

"निळं तर निळं," दुसरी म्हणाली. "इंग्रजीत म्हणाली ना?"

संचालकांनी गिऱ्हाईक कुठे बसलंय ते ओळखलं. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, की छोटा गट मॅडमकडेच राहील आणि हा ऐतिहासिक चार्ट काचेच्या फ्रेममध्ये घालून दारातच लावण्यात येईल. भाचीने टोपली तिथेच ठेवली आणि ती पाय आपटत निघून गेली.

संध्याकाळी मिस्टर न्यायला आले. बाई रिकाम्या वर्गात चार्टसमोर उभ्या होत्या.

"जिंकलीस म्हणे."

"अहो, हा निळा कधी झाला?"

"झाला बुवा हळूहळू. दर वर्षी खिळा ठोकायला मीच येतो ना."

"आणि मला बोलला नाहीत?"

"तुला?" मिस्टरांनी चष्मा काढून पुसला. "मला वाटलं, इंग्रजी फळं अशीच असतील. उगाच विचारलं असतं तर घरी छडी खाल्ली असती."

एरवी यावर बाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. आज त्या नुसत्या "चला" म्हणाल्या. मिस्टरांना वाटेत दोनदा मागे वळून बघावं लागलं, बायको आपलीच आहे ना म्हणून.

सकाळी बाई सुरी घेऊन शाळेत आल्या. खुर्चीवर चढून त्यांनी चार्ट उतरवला, जमिनीवर अंथरला, त्यावर भाचीची टोपली ठेवली आणि पदर खोचून त्या त्याच्याच एका कोपऱ्यावर बसल्या. इतक्या वर्षांत मॅडमना जमिनीवर बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मुलं भोवती गोळा झाली. बाईंनी एक सफरचंद उचललं.

"हे ॲपल," त्या म्हणाल्या.

मुलं खदखदून हसली. "मॅडम चुकल्या! मॅडम, ते सफरचंद!"

बाईंनी वाद घातला नाही. त्या सोलू लागल्या. लाल सालं निळ्या चित्रावर पडली, रस कागदात झिरपला. प्रत्येकाच्या हातावर एकेक फोड पडली. केळी सोलली गेली, संत्र्याच्या बिया चार्टवर थुंकल्या गेल्या. वर्गात प्रथमच खऱ्या फळांचा वास सुटला.

इतक्यात फ्रेमवाला मापाची पट्टी घेऊन दारात उभा राहिला. "मॅडम, काचेत घालायचा चार्ट कुठाय?"

"बसलेय त्याच्यावर," बाई म्हणाल्या. "थांबा, मुलांचं खाणं होऊ दे."

शेंड्यांवाली बाईंना अगदी खेटून बसली होती. तिची हनुवटी रसाने चिकट झाली होती. तिने तोंडातली फोड गालात सरकवली आणि बाईंच्या हातावर समजूत काढल्यासारखं थोपटलं.

"छान आहे, मॅडम. आता ॲपल कधी आणणार?"

बाईंनी दुसरी फोड कापली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"आधी हे संपव."