जेवणाच्या टेबलावरची फुलं

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर सासूबाईंचा उजवा हात चालेनासा झाला होता. त्या दिवशी नणंदेच्या सासरची माणसं जेवायला यायची होती, म्हणून टेबलाच्या मधोमध ठेवायला मी पितळी वाडग्यात फुलं मांडत होते. तेवढ्यात त्या काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "सरक जरा. मला बसू दे."

केशरी झेंडू, पिवळी शेवंती, गुलाबी जरबेरा. डाव्या हाताने त्या एकेक देठ वाडग्यातल्या ओल्या स्पंजात खोवू लागल्या. जरबेरा सारखा कलंडत होता. शेवटी जोर लावताना वाडगाच लवंडला आणि टेबलभर पाणी झालं.

"आई, मी धरू का?"

"तू पाणी पूस. फुलांना हात लावू नकोस."

मी पुसत राहिले. आजारी माणसाच्या हातातली कामं आपण किती मायेने काढून घेतो! त्याला आराम मिळतो खरा, पण घरातली त्याची जागाही त्या कामांबरोबर हळूहळू जाते.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. उजव्या हाताची निर्जीव मूठ डाव्या हाताने उचलून त्यांनी वाडग्याला टेकवली, वाडगा अडवून धरला, आणि या वेळी जरबेरा उभा राहिला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. फुलं एका बाजूला जरा झुकलेली होती, पण रंग असे खुलले होते की नजर हटेना.

पाहुणे आले. नणंदेच्या सासूबाई टेबलाशीच थबकल्या. "काय सुरेख! सूनबाईंनी केलं का?"

मी तोंड उघडायच्या आत उत्तर आलं, "नाही. मी केलं. डाव्या हाताने."