बाओज्वीताईंचं लाल नाव

आमच्या जप मंडळात बाओज्वीताई माझ्या शेजारी बसायच्या. चीनमधल्या वन्चौ शहरात, बटणांच्या कारखान्यात राबून त्यांनी रुईन्येनला, एकुलत्या एका मुलाला, वाढवलं. लग्नानंतर तो बायकोबरोबर चर्चमध्ये जायला लागला आणि मूर्तीपुढे ठेवलेलं खाईनासा झाला. मग ताई आधी त्याचं ताट वाढून झाकून ठेवायच्या आणि उरलेल्याचा क्वानयिनला नैवेद्य दाखवायच्या. "देवीला माझ्या पोराचं उष्टं चालतं," म्हणून हसायच्या.

नवरा गेला तेव्हा त्यांनी दोघांसाठी एकच थडगं बांधून घेतलं. दगडावर सर्वांत वर अमिताभ बुद्धाचं नाव, खाली या दोघांची. गेलेल्याचं नाव काळं, जिवंत असेल त्याचं लाल. ताई गेल्या की ते काळं करायचं.

पुढे ताईंच्या पोटात गाठ निघाली. रुईन्येन उशाशी येऊन बसला. मी तिथेच होते.

"आई, बाप्तिस्मा घे. नाहीतर वर आपली भेट व्हायची नाही."

"आणि तुझे बाबा? ते कुठे आहेत?"

तो तिचं पांघरूण सारखं करू लागला.

"चर्चच्या पाळकांना विचारलं असशील ना?"

"ते नको विचारूस, आई."

तो बाहेर गेल्यावर मी म्हटलं, "ताई, शेवटी शेवटी बुद्धाचा जप सोडू नका हो."

"तू गप्प बस. तुला कुठे मुलगा आहे?"

त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एकच मागणं केलं, अस्थी नवऱ्याशेजारी ठेवायच्या. रुईन्येन चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना विचारून आला.

"चालेल म्हणतात. फक्त वरचं ते नाव काढून तिथे क्रूस कोरायचा. छिन्नीवाल्याशी बोललोय मी."

ताई म्हणाल्या, "तुझ्या बाबांच्या डोक्यावरचं छप्पर काढून मला शेजारी निजवणार? राहू दे. मला दुसरीकडे ठेव."

"रागावलीस?"

"नाही रे. माझ्याकडून हवं ते घेतलंस. त्यांच्याकडून काही घेऊ नकोस."

ताई गेल्या. त्यांच्या अस्थी आता चर्चच्या टेकडीवरच्या दफनभूमीत आहेत. छिंगमिंगला, थडगी साफ करायच्या दिवशी, मी त्यांच्या नवऱ्याच्या थडग्यावर गेले, तर ताईंचं नाव अजून लालच. थडग्यांवरची नावं रंगवणारा रंगारी म्हणाला, घरच्यांनी सांगितल्याशिवाय हात लावणार नाही. मी रुईन्येनला गाठलं.

"मावशी, आई तिथे नाहीच," तो म्हणाला. "मग काळं कशाला करायचं?"