श्वास धरणारा माणूस

सोलापूरच्या दवाखान्यात आईचा स्कॅन होईपर्यंत मी बाहेर बसलो होतो. शेजारी मैंदर्गीचं एक जोडपं होतं. नवऱ्याच्या यकृतातली गाठ आज सोनोग्राफीत बघत, सुई घालून जाळणार होते. सुई जाताना सांगू तेव्हा श्वास धरायचा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तो सारखा उठे, येरझाऱ्या घाली, श्वास धरून बघे आणि मधेच खोकून सोडून देई.

“आत सुटला तर?” त्यानं मला विचारलं. “सुई भलतीकडंच जाईल की!”



त्याला आत नेलं. बऱ्याच वेळानं डॉक्टर येऊन म्हणाले, “गाठ नीट जळाली.” मागोमाग स्ट्रेचर आलं. गुंगीतच त्यानं बायकोला विचारलं, “धरला का न्हाय मी?”

“व्हय, लई चांगला धरलासा,” त्याच्या कपाळावरून हात फिरवत ती म्हणाली.

ती तर सगळा वेळ माझ्या शेजारीच बसलेली होती.