अस्वलाची शिंगे

नागपूरला कामासाठी निघालो, तेव्हा अंजलीने, म्हणजे माझ्या पत्नीने, तिचे लहानपणीचे अस्वल माझ्या पिशवीत ठेवले. तपकिरी कापडाचे, बसक्या नाकाचे. पोट उसवलेले. तिचे वडील पूर्वी भंडाऱ्यात नोकरीला होते. तिथल्या मंडईत (दिवाळीनंतरच्या जत्रेत) त्यांनी ते आंधळगावच्या एका विणकराकडून घेतले होते. पुढे भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला, सासरे निवृत्त झाले, अस्वल मात्र अंजलीच्या उशाशीच राहिले.

"त्याच घरून शिवून आण," ती म्हणाली. "इथल्या शिंप्याचा हात मी त्याला लागू देणार नाही."

नागपूरचे काम उरकून भंडाऱ्याला आलो आणि तिथून आंधळगावच्या एसटीने निघालो. दोन्हीकडे धानाच्या हिरव्यागार बांध्या (बांध घातलेले शेताचे तुकडे). प्रत्येक खड्ड्याला अस्वल थोडे थोडे रिकामे होत होते. शेजारच्या आजोबांनी धोतर झटकले.

"पाहुणे, तुमचं अस्वल सांडून राहिलं."

मी माफी मागितली. त्यांनी चिमूटभर भुसा नाकाशी नेला, "धानाचा कोंडा होय. जुना हाये," म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

आंधळगावात अस्वल पाहून चहावाल्याने विणकराचे घर दाखवले. आत महादेवराव मागावर बसले होते. त्यांच्या पत्नी कौसल्याबाईंनी अस्वल हातात घेतले, उलटसुलट केले आणि त्यांचा चेहरा फुलला.

"माझा बैल होय हा."

"अस्वल आहे," मी म्हणालो.

"अस्वलाले येवढी शेपटी रायते का?" त्यांनी मागची दोरी ओढून दाखवली. इतकी वर्षे आम्ही तिला खुंटीला अडकवायची दोरी समजत होतो.

मग त्यांनी सगळे सांगितले. तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल ओढत नेतात तो सण) मुलीला लाकडी बैल मिळाला नाही, म्हणून त्यांनी कोशाच्या (टसर रेशमाच्या) तुकड्यांचा शिवला. तो बघून शेजारच्या मुलांनी हट्ट धरला. पुढे त्या शिवत गेल्या, महादेवराव मंडईत विकत गेले.

"लय खपले माझे बैल," त्या म्हणाल्या.

"पण सासऱ्यांना तर अस्वल म्हणूनच मिळाले."

माग थांबला.

"तुमी लोकाइले अस्वल सांगत होते का जी?" कौसल्याबाईंनी विचारले.

"मी कायले सांगू? गिऱ्हाईक म्हणे, अस्वल केवढ्याले. मी भाव सांगो."

"आन शिंगं?"

महादेवराव धाग्यांकडे पाहत राहिले. "शिंगं पाहून कोनी बकरा म्हणे, कोनी हरीण म्हणे. म्हणून काढून ठेवो."

त्यानंतर त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. जेवायला वडाभात (डाळीचे वडे कुस्करून घातलेला भात) होता. माझ्या भातावर त्यांनी फोडणीचे गरम तेल सढळ हाताने ओतले. महादेवरावांच्या ताटात थेंबही पडला नाही. त्यांनी मागितलाही नाही.

जेवणानंतर कौसल्याबाईंनी ताजा कोंडा भरून पोट शिवले आणि शिंगांसाठी तुकडे कापायला घेतले. घरी काय ऐकावे लागेल या धास्तीने मी अंजलीला फोन लावला. कौसल्याबाईंनी तो माझ्या हातातून घेतला.

"बाई, हा बैल होय. शिंगं लावू का नको?"

पलीकडून अंजलीचा आवाज आला, "लावा. पण मी त्याला जवळ घेऊन झोपते. टोचायला नकोत."

"कापसाचे लावतो. मऊ," कौसल्याबाई म्हणाल्या.

महादेवराव न सांगता उठून आले आणि बैलाचे डोके धरून बसले. कौसल्याबाईंनी दोन टाके घातले. मग म्हणाल्या, "सरळ धरा नं जी."

"बैलच दिसते," ते हळूच म्हणाले.

"आता दिसते का?" त्या म्हणाल्या, पण हसल्या.

परतीच्या गाडीत बैल मांडीवर घेऊन बसलो. कापसाची शिंगे नागपूर सुटेपर्यंत दोन्ही बाजूंना लोंबू लागली होती. समोरच्या बाईंनी कौतुकाने विचारले, "ससा कुठे घेतलात हो?"

तान्हा पोळा, कोशाचे तुकडे, मंडई, सगळे माझ्या ओठांवर आले. रात्रभराचा प्रवास होता आणि बाई प्रेमाने पाहत होत्या.

"आंधळगावला," मी म्हणालो. महादेवरावांची बाजू मला तेव्हा पटली.